पी-ढबाक

आषाढातला पहिला मंगळवार उजाडला की कोल्हापूरच्या जुन्या पेठांत राहणाऱ्या मनुष्याला पंचांग उघडून पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. कारण सकाळी केव्हा तरी, पावसाची एक सर ओसरून दुसरी यायची असते त्या मधल्या अवकाशात, गंगावेशीच्या बाजूने प्रथम एक लांबट, किंचित अनुनासिक, पिळवटून निघालेला सूर ऐकू येतो, आणि तो हवेत स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याच्या बुडाशी एक भरदार, ओलसर ठोका पडतो. तो सूर म्हणजे ‘पी’ आणि तो ठोका म्हणजे ‘ढबाक’. दोहोंचा मिळून जो जोडशब्द झाला तो करवीरवासीयांच्या तोंडी वाद्याचेही नाव आहे, वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचेही आहे आणि पुष्कळदा त्या सबंध सोहळ्याचेही आहे. ‘पी-ढबाक निघालं’ एवढे कानावर आल्यावरही ते कोठून निघाले आणि कोठे चालले हे जो विचारतो, तो मनुष्य परगावचा असे खुशाल समजावे.

अशा परगावच्या वाचकासाठी मूळ गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. आषाढात पंचगंगेला नवे पाणी येते. ते घागरींत भरून, कुमारिकांच्या आणि सुवासिनींच्या डोक्यावर देऊन, वाजतगाजत शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोलीच्या टेकडीवर न्यावयाचे आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओतावयाचे. त्र्यंबोलीला गोडा आणि तेथल्याच मरगाईला खारा नैवेद्य दाखवावयाचा. आणि दिवस कलल्यावर गल्लीत परतून पंक्तीला बसावयाचे. वार मंगळवारचा किंवा शुक्रवारचा. यात्रा म्हटली तरी ती सबंध शहराची एक अशी नसते. गल्लीगल्लीची, तालमीतालमीची ती वेगळी असते, आणि म्हणून एकाच मंगळवारी शिवाजी, शुक्रवार, शनिवार या पेठांतून निघालेल्या पाण्याच्या रांगा वाटेत एकमेकींना भेटतात, एकीचा ‘पी’ दुसरीच्या ‘ढबाक’मध्ये मिसळतो, आणि घटकाभर कोणाच्या घागरी कोणत्या वाद्यामागे चालल्या आहेत याचा उलगडा खुद्द घागरवालीलाही होत नाही.

आमच्या गल्लीची यात्रा ठरे ती मारुतीच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर. ज्येष्ठाच्या अखेरीस एका रात्री चारसहा जुनी माणसे तेथे बसत, घरटी वर्गणीचा आकडा ठरे, आणि पाठकोऱ्या कागदांच्या एका वहीत नावे उतरत. ही वही म्हणजे आमच्या गल्लीची रोजकीर्द; तीत बाकी राहिलेला मनुष्य पुढल्या आषाढापर्यंत सुटत नसे. यात्रेच्या दिवशी बकऱ्याचे वाटे पडत ते याच वहीबरहुकूम, आणि वाटा घरी आणावयास निघालेल्या मुलाच्या हाती आई पातेले देई ते झाकणासकट, कारण शेजारणीच्या पातेल्यात नळीचे हाड आले आणि आपल्या नाही, हा विषय घरात पुढे आठ दिवस पुरत असे. ही वर्गणी, हे वाटे आणि हे रुसवे यांचा देवीशी काही संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी गल्लीत राहून पाहिलेले नाही.

आता नावाकडे वळू. कोल्हापूर हे संस्थान होते, येथे दरबार होता, जुन्या राजवाड्यापुढे नगारखाना आहे. तेव्हा या शहराला वाद्यांची आणि त्यांच्या नावांची वाण कधीच नव्हती. परंतु ही नावे जरा उलगडून पाहावीत. नगारा अरबीतून निघून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, ताशा फारसी, सनईचे कूळही इराणकडचेच; नौबत, नगारखाना, लवाजमा हे सगळे शब्द बादशाही अंमलाबरोबर आले आणि मराठी दौलतीच्या दप्तरांत कायम झाले. वाद्ये हुजुरातीची, म्हणून नावेही हुजुरातीची. ‘पी-ढबाक’ या शब्दाला मात्र असला कोणताही वंशवृक्ष नाही. तो संस्कृतातून आला नाही, फारसीतून आला नाही, कानडीचे दार आमच्या अंगणातच उघडत असूनही तेथून आलेला दिसत नाही. तो कानातून आला. माझा असा समज आहे की तो वाजवणाऱ्याचा शब्दच नव्हे. एकदा एका वृद्ध वाजंत्र्याला मी मोठ्या जिज्ञासेने त्याच्या वाद्याचे नाव विचारले, तेव्हा त्याने सनईवरची ओल पंच्याने टिपली आणि ‘ही सनई’ एवढेच उत्तर दिले. मग पी-ढबाक कोणते, असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, ‘ते तुम्ही म्हणताय.’ शब्दाच्या जन्माचा याहून चांगला दाखला मला आजवर मिळालेला नाही. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या बायकांनी, कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आणि विशेषतः वाद्यामागे धावणाऱ्या पोरांनी जे ऐकले तेच तोंडाने म्हणून दाखवले, आणि ते म्हणून दाखवणे हेच नाव झाले.

त्यातला ‘पी’ सोपा आहे. पिपाणीच्या पोटात तोच आहे, आणि फुंकून वाजणाऱ्या कोणत्याही नळीला लहान मूल त्याच अक्षराने हाक मारते. गंमत आहे ती ‘ढबाक’मध्ये. धडाक, कडाक, खटाक, फटाक या मालिकेतला तो आहे हे उघड दिसते; शेवटचा ‘आक’ एका झटक्यात पडलेला, पुन्हा न उमटणारा आघात दाखवतो. पण मुळाशी ‘ढब’ का? कातड्याच्या वाद्याला मराठीत ‘ढम’ हा रूढ ध्वनी आहे. ‘ढम’मध्ये ठोक्यानंतर घुमणारी एक शेपटी असते, ‘म’ मिटलेल्या ओठांआड रेंगाळत राहतो. ‘ढब’ रेंगाळत नाही, तो जागीच बसतो. ढबू पैसा, ढबू मिरची, ढबढबीत या शब्दांतून जो जाड, भरलेला, जरासा सैल असा भाव आहे तोच या ठोक्यात आहे. आता आषाढाचा महिना मनासमोर आणावा. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, भिंतींना ओल, अंथरुणाला ओल, आणि कातडे तर ओल पिण्यासाठीच जन्मलेले. हलगीवाला जाळ करून हलगी शेकतो ती याचसाठी. खासबागेच्या मैदानात कुस्तीला जी हलगी कडकडते ती उन्हाने नाही तर जाळाने ताणलेली असते. नदीपासून टेकडीपर्यंत दीड-दोन कोस भर पावसात चालणाऱ्या वाजंत्र्याला वाटेत जाळ कोठला मिळणार? शेणकुटाचा धूर द्यावा म्हटले तर शेणकूटही भिजलेले. ताण उतरतो, घुमार जातो, ‘ढम’चा ‘ढब’ होतो. चैत्रात हाच ढोल वाजला असता आणि गल्लीतल्या पोरांनी त्याचे नाव ठेवले असते, तर ते ‘पी-ढमाक’ झाले असते, असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या पंक्तीत तो टिकेल असा माझा आग्रह नाही. पण ज्याने आषाढातला तो ठोका प्रत्यक्ष ऐकला आहे त्याला तो पटतो, हा माझा अनुभव आहे.

टेकडीच्या नावातही असाच एक पेच आहे. ग्रंथात त्र्यंबोली, लोकांत टेंबलाई. विद्वान सांगतात की त्र्यंबोलीचा अपभ्रंश टेंबलाई. मला मात्र वाटते की टेंब म्हणजे उंचवटा, हा शब्द कोकणात अद्याप चालतो, आणि टेंबावरची आई ती टेंबलाई. पुढे करवीरमाहात्म्यासारख्या पोथीचा आश्रय मिळाल्यावर तिला त्र्यंबोली हे भरजरी वस्त्र नेसवले गेले असावे. बहुतेक ग्रामदेवतांचे असेच होते. आधी आई असते, मग अंबा होते.

पोथीतली कथा अशी, की महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केल्यावर त्याचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळाने सर्व देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड काढून घेतला आणि देवांना सोडवले. परंतु पुढे विजयाचा उत्सव झाला त्या गडबडीत तिला आमंत्रण द्यावयाचेच राहून गेले. ती रुसली आणि करवीराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. आपली चूक ध्यानी आल्यावर महालक्ष्मी स्वतः तिची समजूत काढावयास गेली. म्हणून आजही आश्विन शुद्ध पंचमीस अंबाबाईची पालखी लवाजम्यासह टेकडीवर जाते, दोघींची भेट होते, छत्रपतींच्या घराण्याकडून पूजन होते, आणि गुरव घराण्यातल्या कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. त्याची फोड मिळवण्यासाठी जी झुंबड उडते तिच्यात सापडलेल्या मनुष्याला असुर मेला की आपण, याचा काही काळ निर्णय करता येत नाही.

म्हणजे टेकडी एक, देवी एक आणि यात्रा दोन. पंचमीच्या यात्रेला कथा आहे, पालखी आहे, शिरस्ता आहे. कोणी कोठे उभे राहावयाचे याची वहिवाट ठरलेली आहे. आषाढातल्या यात्रेला यातले काही नाही. तिला मानकरी नाही. ज्या घरची मुलगी त्या वर्षी घागर उचलण्याएवढी झाली ते घर त्या दिवशीचे मानकरी. आणि पोथीतल्या कथेत नव्या पाण्याचे नावही येत नाही. तेव्हा या यात्रेचे कूळ शोधावयाचे तर पोथी मिटून नदीवर गेले पाहिजे.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांनी श्रद्धेने धरलेली गुप्त सरस्वती, यांचा प्रयाग चिखलीपाशी झालेला मिळाफ. विशाळगडाकडची कासारी, गगनबावड्याकडची कुंभी, राधानगरी-दाजीपूरची भोगावती, या साऱ्या सह्याद्रीच्या जांभ्या दगडाची लाल माती उतरवून आणतात. उन्हाळाभर घाटाच्या तळाशी हिरवट, निवांत पडून राहिलेली नदी मृगाच्या पाठोपाठ एका रात्रीत तांबडी होते. कोल्हापूरकर तिच्याकडे वर्षातले दोन महिने एखाद्या तापकरी मुलाकडे पाहावे तसे पाहतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झाले हा प्रश्न चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत सर्वत्र चालतो, ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ असते, आणि शिवाजी पुलावरच्या माशाच्या खुणेला पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ ही वार्ता गावभर होते. २०१९ साली हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले तेव्हा आषाढ संपून श्रावण लागलेला होता. २०२१ साली मात्र ऐन आषाढातच नदी पेठांतून हिंडून गेली.

हे नवे पाणी म्हणजे एकाच वेळी आनंदाची आणि भीतीची वस्तू. पीक त्याच्यावर, आणि पटकीही त्याच्यातून. कळंब्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात येऊन ‘पाण्याचा खजिना’ हे नाव मंगळवार पेठेतल्या एका ठिकाणाला चिकटण्यापूर्वी, पावसाळ्यात नदीचे आणि आडांचे गढूळ पाणी पिऊन माणसे पटापट जात असली पाहिजेत. पाण्यातून पटकी येते हे रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या तळ्यांत तिचे जंतू शोधून १८८४ साली दाखवले. परंतु नवे पाणी आणि मरगाई यांचा काही तरी संबंध आहे, एवढे आमच्या आज्यापणज्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय उमगलेले होते. मरगाई म्हणजे मरीआई, पटकीची देवी. तिच्या दारी तेच पाणी न्यावयाचे, घागरीच्या गळ्यात कडुनिंबाची डहाळी बांधावयाची, आणि आपल्या तोंडी लागण्याआधी ते तिच्या पायरीवर ओतून सांगावयाचे, की बाई, यंदाचे पाणी हे असे आले आहे, पाहून घे. शेतातले पहिले कणीस आणि नदीचे पहिले पाणी देवाला देण्यात वरवर साम्य दिसते, पण एकात कृतज्ञता अधिक आहे आणि दुसऱ्यात खबरदारी.

माझी थोरली बहीण पहिल्यांदा घागर घेऊन निघाली तेव्हा मी सहासात वर्षांचा असेन. घाटाच्या वरच्याच पायरीला पाणी आले होते, दीपमाळांची नुसती टोके दिसत होती. आजीने पाण्यावर हळदकुंकू वाहिले, ते क्षणात तांबड्यात तांबडे होऊन नाहीसे झाले. मग तिने घागर आडवी धरून तीवर आलेला काडीकचरा आणि फेस तळहाताने मागे सारला आणि घागर बुडवली. भरताना ती गुडगुडली नाही, घटाघट प्यायली. आम्ही टेकडीवर जाऊन पाणी ओतले, पायरीवरून ते तांबडा ओहोळ होऊन इतर गल्ल्यांच्या पाण्यात मिसळत खाली गेले, आणि घागरीत तांब्याभर उरवून ते आजीने घरी आणले. रात्री तो तांब्या देवघरापाशी झाकून ठेवला होता. सकाळी मी झाकण काढून पाहिले तर वर आरशासारखे निवळ पाणी आणि तळाशी दोन बोटे लाल माती. मी त्यात बोट घालून ते ढवळले, म्हणून पाठीत धपाटा बसला. पण ती माती गगनबावड्याची की दाजीपूरची हा प्रश्न मला आजही पडतो.

मागे जपानातल्या देवळांच्या उत्सवांविषयी वाचण्याचा योग आला, आणि पानापानावर मला आमची गल्ली दिसू लागली. तेथे प्रत्येक वस्तीचा एक रक्षक देव असतो आणि त्या हद्दीत राहणारी घरे ती त्याची लेकरे. वर्षातून एकदा त्याची लाकडी, सोन्याने मढवलेली पालखी वस्तीतले तरुण खांद्यावर घेतात आणि ‘वास्शोई, वास्शोई’ असा घोष करीत मुद्दाम हिंदकळवत गल्लोगल्ली फिरवतात. अंगरख्याच्या पाठीवर वस्तीची खूण छापलेली, दारोदारी कागदी कंदील, आणि कंदिलांवर वर्गणीदारांची नावे. आमच्याकडे अंगरख्याच्या जागी तालमीचे नाव छापलेले टी-शर्ट आणि कंदिलाच्या जागी वर्गणीदारांच्या छबींचे फलक आले, एवढाच भेद. त्यात सौंदर्यदृष्ट्या आपण मागे आहोत हे मान्य केले पाहिजे.

पण खरे नवल पुढेच आहे. क्योतो नगरीचा गिओन हा उत्सव जुलै महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास होतो. त्याचा प्रारंभ इसवी सन ८६९ मध्ये साथीच्या रोगावर उतारा म्हणून झाला. त्या वेळी देशाचे प्रांत ६६, म्हणून ६६ भाले उभारून रोगराईच्या कोपिष्ट शक्तींना शांत करण्यात आले. उत्सवाच्या आधी कामो नदीचे पाणी शिंपडून देवाची पालखी शुद्ध करतात. आणि गिओन हे नाव आले आहे श्रावस्तीच्या जेतवनावरून. त्या वनाचा रक्षक म्हणून मानलेला एक वृषभमुख देव तेथे साथींचा अधिपती होऊन बसला. मरगाईचा हा दूरचा भाऊबंद आपल्याच मुलखाचे नाव लावून तिकडे नांदतो आहे, हे त्र्यंबोलीच्या पायरीवर बसून कोणाला सुचले असते?

याहूनही मला रुचलेली गोष्ट नादाची. जपानी लेकरे उत्सवातल्या बासरी-ढोलाला ‘पीऽह्यारा, डोन-डोन’ म्हणतात. आणि गिओनच्या रथांवर जे झांजेसारखे वाद्य वाजते त्याच्या संगीताला क्योतोचे लोक ‘कोन्चिकिचिन’ या नावानेच ओळखतात. तेथेही दरबारी संगीताला चिनी वळणाची भारदस्त नावे आहेत, आणि गल्लीतल्या वाद्याला गल्लीने कानाने ठेवलेले नाव. फरक इतकाच की त्यांच्या ढोलाचा ‘डोन’ घुमतो, आमचा घुमत नाही. त्यांचा जुलैही पावसाळीच म्हणतात. बहुधा त्यांचा ढोल उतरत नसावा, किंवा त्यांची पोरे आमच्याइतकी खरे ऐकत नसावीत.

मध्यंतरी काही वर्षे या यात्रांत डॉल्बी शिरली. तिच्या भिंतींपुढे घागरीतले पाणी थरथरताना मी पाहिले आहे. परंतु तिचे नाव कोणी तिच्या आवाजावरून ठेवले नाही, ती डॉल्बीच राहिली. अलीकडे गल्ल्या पुन्हा पी-ढबाकची बोली करू लागल्या आहेत. हौस आहे, थोडी पोलिसांची दहशत आहे, आणि खर्चही बेताचा. २०२० च्या आषाढात मिरवणुका बंद होत्या. मरगाईच्या यात्रेला महामारीनेच अडवावे असा तो विचित्र योग. त्या वर्षी आमच्या गल्लीतून दोघी जणी तोंडाला फडके बांधून स्कूटरवरून टेकडीकडे गेल्या, मागचीच्या मांडीवर घागर. वाद्य नव्हते. तरी त्या परतल्या तेव्हा कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याने, ‘गेलं का पी-ढबाक?’ असेच विचारले.

गेल्या आषाढात मी यात्रेबरोबर टेकडीवर गेलो, परतीला मागे रेंगाळलो. पाऊस लागला होता. वाजंत्र्यांनी सनई पिशवीत घातली होती, ढोलावर प्लॅस्टिकचा कागद ओढला होता, आणि ते चपला हातात घेऊन मुकाट्याने उतरत होते. सकाळपासून वाजवून त्यांचे ओठ आणि खांदे भरून आले असावेत. त्यांच्यापुढे चारपाच पोरे चालली होती. एकीच्या डोक्यावर रिकामी घागर उपडी टोपीसारखी बसवलेली, तिच्यामागचा मुलगा तीवर ओला पंजा मारी, आणि सगळ्यात धाकटा, ज्याला अजून नीट बोलताही येत नसावे, तो दोन्ही गाल फुगवून, डोळे मिटून, घराच्या दिशेने ‘पीऽऽ’ करीत होता.